सरासरीत काही नाही

माझी बायको सगळ्यांची मॅडम आहे. विद्यार्थ्यांची, विभागातल्या शिपायाची, पेपर टाकणाऱ्याची आणि मी चिडलो की माझीसुद्धा. आमचं कॉलेजपासून अरे-तुरे. पण पुढे ती विद्युत अभियांत्रिकीची प्राध्यापक झाली आणि मी छापखान्यात मुद्रितं तपासत बसलो, तेव्हा दोघांपैकी एकानं दुसऱ्याला मान देणं भाग होतं. मी दिला. माझ्या खिशातलं काही गेलं नाही.

गेलं ते ऐकणं. तिशी ओलांडता ओलांडता माझ्या कानांतली ती तीन चिमुकली हाडं आखडायला लागली. कानाच्या डॉक्टरांनी समजावलं, आतलं घर शाबूत आहे, फक्त दार गच्च बसलंय. दोन्ही कानांना यंत्रं आली. ती काढून टेबलावर ठेवली की माझ्यापुरतं जग बंद. लोक हळहळले, माझ्या मात्र ते पथ्यावर पडलं. शेजारी छपाईच्या यंत्रानं कितीही थैमान घातलं तरी माझ्या नजरेतून एक काना सुटत नसे. शिवाय ओठ वाचायची सवय लागली. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी फोनवर काय बोलतंय ते मला तोंड बघून कळतं. बहिऱ्यासमोर लोक फार निर्धास्तपणे बोलतात.

तर मॅडम. तिच्या बरोबरचे सगळे हुशार लोक चिपकडे आणि मोबाइलकडे वळले, कारण नोकऱ्या तिकडे होत्या. हिनं मायक्रोवेव्ह घेतलं. माझ्या आत्यानं लग्नातच तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, "आमचा ओव्हन मधेच बंद पडतो गं, बघशील का एकदा?" मॅडमनं बघितला आणि दुरुस्तही करून दिला. पण तिची लाट ओव्हनमधली नव्हती. तिचं यंत्र म्हणजे खोलीभर पसरलेलं पोलादी धूड. त्याच्या पोटात वीज साठवत राहायची आणि एका झटक्यात सगळी सोडायची. अख्ख्या शहराला पुरेल एवढा जोर त्या एका ठोक्यात, पण ठोका पापणी लवायच्या दहा लाखाव्या हिश्शात संपलेला. त्यामुळे एवढा सगळा खटाटोप करून कपभर पाणीही कोमट होत नाही. समोर ठेवलेली इलेक्ट्रॉनिक वस्तू मात्र मान टाकते. बंद करून पुन्हा चालू केल्यावर उठली तर लॅबच्या भाषेत ती 'झोपली', नाही उठली तर 'गेली'. आमच्या जेवणाच्या टेबलावर "आज चार झोपले, एक गेला" असं हसतखेळत चालायचं आणि नव्या पाहुण्याचा घास हातातच राहायचा.

तिला सुरुवातीला जिन्याखालची अडगळीची खोली मिळाली. तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले होते, "हाय व्होल्टेज हे काही बायकांचं काम नाही. उद्या भाजून घेतलंत तर निस्तरायचं मला." त्या खोलीत ती डोकं वाकवून उभी राहायची आणि हवा खेचणारा पंप दिवसभर तिच्या पायाशी थरथरत असायचा. तिचा आयुष्यभराचा प्रश्न एकच होता. ठोका मधेच मरतो. नळीच्या आत धातूतून वायू सुटतो, ठिणगी पडते आणि लाट जागच्या जागी कोंडते. तिला तो ठोका लांबवायचा होता, बस्स. लोक पोरं वाढवतात. आम्हाला मूल झालं नाही, आम्ही ठोका वाढवत बसलो. तिचे शोधनिबंध परत येत, ती दोन दिवस भांडी आपटे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जिन्याखाली जाई. मला तिचा तेव्हाही अभिमान होता आणि आजही आहे. ते आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तसं वाटणार नाही.

मग एक दिवस सज्जन आला. त्याचं नाव मला कधी सांगण्यात आलं नाही, म्हणून मी हे ठेवलं. मऊ आवाज, मऊ हात, चहात साखर कमी. तो 'वरच्या' कुठल्या तरी खात्याचा होता. कुठल्या, हे विचारलं की मॅडम म्हणे, "पैसे देणाऱ्या खात्याचा." सज्जनाच्या खात्यानं तिला स्वतंत्र इमारत बांधून दिली, जाड धातूच्या दाराची. ती इमारत आमच्या क्वार्टरच्या बरोबर मागे. आजूबाजूला माणसं राहतात, वसतिगृह आहे, तेव्हा विद्यापीठानं विचारलं, हे सुरक्षित आहे का? मॅडमनं अहवाल लिहिला. नियम सांगतो, काही मिनिटांची सरासरी मोजा. तिचे ठोके क्षणाच्याही क्षणात संपणारे, मधे नुसती शांतता. सरासरी काढली तर खिडकीतल्या उन्हाइतकीसुद्धा भरत नाही. अहवाल एकमतानं मंजूर झाला आणि तिच्या तोंडी ते वाक्य बसलं, "सरासरीत काही नाही."

मी चिडवायचो, "महिनाभर उपाशी ठेवून एका दिवशी तीस दिवसांचं जेवण माझ्या घशात कोंब. सरासरीत काही नाही."

"तुला विज्ञान कळत नाही आणि जेवणाशिवाय उदाहरण सुचत नाही," ती म्हणायची.

मी निवृत्त झाल्यावर घरीच मुद्रितं तपासायला घेतली. एका दुपारी मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक वाचत होतो, कानातली यंत्रं काढून ठेवलेली होती आणि माझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला कुणीतरी काडेपेटीवर नख मारावं तसं झालं. टिक. थोड्या वेळानं पुन्हा टिक. मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

गेली कित्येक वर्षं यंत्रांशिवाय मला दारावरची थापसुद्धा ऐकू आलेली नाही. त्यामुळे त्या आवाजाचं मला आधी कौतुकच वाटलं. संध्याकाळी मॅडमला सांगितलं. ती चपला काढत होती, एक पाय तसाच राहिला.

"यंत्रं काढलेली होती?"

"हो गं. टेबलावर."

"दुपारी जेवण झाल्यावर लगेच?"

"हो. तुला कसं माहीत?"

तेव्हाच तिनं यंत्र चालवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवलं आणि लॅबच्या फोरमनला फोनवर सांगितलं, मनात येईल तेव्हा ठोका सोडा, मला कळवू नका, फक्त लिहून ठेवा. मला टिक झालं की मी बोट वर करायचं आणि तिनं घड्याळ बघून टिपायचं. नंतर दोघांनी आपापलं टिपण जुळवलं. एकही चुकला नव्हता, एकही जास्तीचा नव्हता.

मॅडम इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिनं मला समजावलं, ठोका डोक्यावर पडला की आतला मांसल भाग अंशाच्या अगदी बारीक हिश्शानं तापतो, पण इतक्या अचानक तापतो की फुगतो, आणि तो धक्का कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानाला पोचतो. गंजलेल्या दाराची तिथे गरजच नाही. चांगल्या कानाच्या माणसाला पंखा, रस्ता, भांडी यांच्या गोंगाटात ते कळत नाही. "माझं मीटर सरासरी मोजतं, म्हणून शून्य दाखवतं. तू एकेक ठोका मोजतोस. अरे, तुझ्या डोक्याला तोड नाही," ती म्हणाली आणि माझ्या कपाळाचा मुका घेतला. बऱ्याच वर्षांनी घेतला होता. म्हणून मला भीती वाटायला हवी होती तेव्हा मी खूष झालो.

हसू ओसरल्यावर तिनं दुसरी बाजू सांगितली. लाट इमारतीबाहेर येत होती, असा त्या टिकटिकीचा अर्थ. लॅबच्या दाराभोवतीच्या, लाट आत अडवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या झिजल्या होत्या. तिनं त्या बदलल्या, टिकटिक थांबली आणि विषय संपला असं मी धरून चाललो. फक्त त्याच संध्याकाळी ती खिडकीशी फोनवर बोलत होती आणि तिच्या ओठांवर मला 'माझे मिस्टर' दिसलं. मग 'अगदी अचूक' दिसलं. पलीकडे सज्जन होता.

पुढच्याच आठवड्यात तो चहाला आला. एरवी तो माझ्याकडे छत्रीच्या स्टँडकडे बघावं तसं बघे. त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला आणि मला दिसेल असं सावकाश बोलला. "नेमकं कुठे ऐकू येतं? हातानं दाखवता का?" मी मानेच्या वर हात लावून दाखवलं. त्यानं मान हलवली. जाताना मॅडमला म्हणाला, नवं संशोधन केंद्र उभं राहतंय, संस्थापक संचालक म्हणून तुमचंच नाव आहे. जिन्याखालून निघालेल्या बाईला कुणी असं म्हटलं तर तिला काय वाटेल? ती दारात उभीच राहिली.

मध्ये काही आठवडे बरे गेले. एका सुट्टीच्या दिवशी मी मधमाश्यांच्या पुस्तकात होतो आणि मॅडम समोरच सोफ्यावर शेंगा सोलत होती. तिचं यंत्र दुरुस्तीसाठी सुटं केलेलं, सगळे भाग लॅबच्या टेबलांवर मांडलेले. तिनंच सकाळी सांगितलं होतं.

टिक.

मी तिच्याकडे पाहिलं. "तुझं यंत्र सुटं आहे ना?"

"हो. का?"

"मग हे कुणाचं?"

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. जगात त्या यंत्राचं एकच भावंड होतं. ते तिनंच बांधलेलं आणि सज्जनाचे लोक आदल्या वर्षी ट्रकमध्ये घालून घेऊन गेलेले. "तुझ्या कानाचं वय झालंय," ती म्हणाली, पण तिला खोटं बोलता येत नाही. खोटं बोलताना ती वरचा ओठ आत घेते आणि मला वाचायला एकच ओठ उरतो.

त्यानंतर ते मला न्हाव्याकडे ऐकू आलं, गळ्याभोवती कापड बांधलेलं असताना. वाचनालयात ऐकू आलं. दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर ऐकू आलं आणि शेजारी बसलेली बाई शांतपणे मासिक चाळत होती. आता ते एकेक टिक नव्हतं. कापड फाडावं तसं सलग चर्र येऊन थांबे, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा जास्त वेळ टिके. मी घाबरलो, तसं घरी सांगितलंही.

मॅडमनं विचारलं, "सुटं सुटं, की सलग?"

"सलग."

क्षणभर तिचे डोळे चमकले. मी ती चमक ओळखतो. निबंध स्वीकारला गेल्याचं पत्र आलं की ती तशी दिसते. कुणीतरी तिच्या यंत्राचा ठोका लांबवला होता आणि तो मरत नव्हता. चमक लगेच विझली, पण मी पाहायची ती पाहिली होती. डोक्यातल्या आवाजाला मी घाबरलो नव्हतो इतका त्या चमकीला घाबरलो.

दुसऱ्या दिवशी ती सज्जनाला भेटायला गेली. जाताना तावातावात होती, "माझ्या नवऱ्यावर प्रयोग करतात म्हणजे काय? कान धरून बाहेर काढते एकेकाला." परत आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून खुर्चीत बसली.

"काय म्हणाले?"

"चौकशी करतो म्हणाले."

"आणि?"

"आणि म्हणाले, सरासरीत काही नाही." तिनं पाणी मागितलं.

तेव्हापासून ती रोज घरी आली की पहिला प्रश्न, "आज?" मी सांगायचो. मग खोदून विचारायची. उजवीकडे जास्त की डावीकडे? भिंतीकडे तोंड केल्यावर कमी झालं का? कालच्यापेक्षा लांब होतं? मला बरं वाटायचं. ती पुरावा गोळा करतेय, एक दिवस सगळं त्या लोकांच्या तोंडावर मारेल, असं मला वाटायचं. चाळीस वर्षांच्या संसारात माणूस बायकोबद्दल दुसरं काय मानणार?

दरम्यान माझं डोकं दुखायला लागलं. दुपारनंतर अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढू लागली. मधमाश्यांचं पुस्तक छापून आलं आणि प्रकाशक, माझा जुना दोस्त, स्वतः घरी आला. त्यानं एक पान उघडून माझ्यापुढे धरलं. तिथे एकाखाली एक, तीच ओळ दोनदा छापलेली होती. शाळेतल्या पोरालाही दिसावी अशी चूक.

"तुला बरं नाहीये का रे?" तो म्हणाला. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी ते पान कितीतरी वेळ पाहत बसलो. अख्खा जन्म मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या. माझ्याजवळ विद्या म्हणावी अशी ती एकच, आणि ती कुणीतरी माझ्या डोक्यातून चोरपावलांनी काढून नेत होतं. मला रडू आलं. मॅडमला मी त्या पानाबद्दल बोललो नाही. तिच्या केंद्राचं उद्घाटन तोंडावर आलं होतं, ती नीट जेवत नव्हती, गालफडं वर आली होती. आपल्यामुळे या बाईच्या आयुष्यातली एकुलती एक मिरवणूक अडायला नको, असं मी ठरवलं. शिवाय माझं एक गणित होतं. ऐकणाराच उरला नाही, तर ऐकवणारे किती दिवस ऐकवतील? कंटाळून जातील.

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "आज?"

"काही नाही," मी म्हणालो. "गेलं बघ सगळं. सुंठीवाचून खोकला गेला."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मला वाटलं होतं ती सुस्कारा सोडेल. "नक्की?" तिनं विचारलं. "अजिबात नाही? अगदी बारीकसुद्धा नाही?"

"नाही म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी मी खिडकीजवळ चहा पीत होतो. चर्र सुरू झालं आणि डोळ्यांसमोरचा कप दोन झाला. मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. संध्याकाळी तिला म्हणालो, काही नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात ओकलो आणि फरशीवर बसूनच राहिलो. तिला म्हणालो, छान झोप लागली दुपारी. ती पाहत होती. माझ्या खोट्याचा तिला संशय येतोय हे मला दिसत होतं, पण मी हट्टाला पेटलो होतो. तिच्यासाठी एवढं तरी मला करू दे, असं मनातल्या मनात म्हणत होतो.

तिसऱ्या दिवशी ती भर दुपारी घरी आली. मी खुर्चीत होतो. समोर वर्तमानपत्र होतं आणि त्यातला मोठा मथळा मला वाचता येत नव्हता. कागदावर काळं काहीतरी आहे एवढंच कळत होतं. माझी बोटं बधिर झाली होती. डोक्यात ते चाललेलं होतं, आता मध्ये थांबतही नव्हतं.

तिनं माझ्यासमोर गुडघे टेकले. माझे दोन्ही हात घट्ट धरले. कानात यंत्रं नव्हती, म्हणून ती सावकाश, एकेक शब्द ओठांवर ठेवत बोलली.

"खरं सांग रे. तू 'नाही' म्हणालास की ते वाढवतात."

मी तिच्या ओठांकडे बघत राहिलो. माझं 'नाही' त्यांना कोण कळवतं, हे मी विचारलं नाही. मी ते या घरात एकाच माणसाजवळ म्हणालो होतो.

मग ती भडाभडा बोलली. तिचा अहवाल सज्जनानं तिच्याच पुढे टाकला होता. हे धोक्याचं आहे असं आज म्हणालात मॅडम, तर इतकी वर्षं तुमच्या लॅबमध्ये उभी राहिलेली मुलं, वसतिगृहातली मुलं, फोरमन, त्या सगळ्यांचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आणि थांबवायला सांगितलंत तर थांबवणार नाही, फक्त तुम्हाला विचारणार नाही. मी आत असले तर निदान मर्यादेत ठेवता येईल असं वाटलं रे, ती म्हणत होती. मी रोज त्यांना सांगत होते, एवढं ऐकू येतं, बास, पुढे नका जाऊ. आणि तू नाही म्हणायला लागलास. तिचं नाक वाहत होतं. तिचा मला इतका संताप आला की हात सोडवून घ्यावेसे वाटले आणि तिची इतकी दया आली की ते जमलं नाही.

"येतंय ऐकू," मी म्हणालो. "तीन दिवस येतंय. आत्ताही येतंय. खूप आहे. सलग आहे."

तिनं माझं डोकं छातीशी धरलं. तिची छाती हुंदक्यांनी हलत होती. मग तिनं मला थोडं दूर केलं, म्हणजे मला तिचं तोंड दिसावं, आणि डोळे पुसत पुसत विचारलं,

"कुठल्या बाजूनं?"